क्लचच्या चेहऱ्याचा रंग

मला बाकी काही कळो न कळो, रंगातलं कळतं. पार्लरच्या दारातून बाई आत आली की तिनं तोंड उघडायच्या आत मी सांगते, हिला कुठली शेड लागेल, हिची रात्री झोप झालेली नाही, आणि ही नवऱ्याशी भांडून आलीय. नवऱ्यामुली सजवल्या, त्यांच्या आया सजवल्या, एकदा तर मुलाखतीला निघालेल्या एका गृहस्थांच्या टकलाची चकाकी पावडर लावून घालवून दिली. हे आधीच सांगून ठेवते, पुढे कुणी म्हणायला नको की बाईला दिसतच नव्हतं.

आमचा क्लच म्हणजे माझा धाकटा भाऊ. गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीत दोन्ही बाजूंना ब्रेक आणि क्लच. शिकणाऱ्यानं चूक केली की हा आपल्या बाजूचा क्लच दाबतो आणि ओरडतो, "क्लच!" तेच त्याचं नाव पडलं. घरीसुद्धा तेच. भाजीत मीठ जास्त झालं, "क्लच!" कुणी थाप मारली, "क्लच!" माझ्या नवऱ्याच्या पहिल्या भेटीत, तो आपला पगार सांगत असताना हा पलीकडच्या खुर्चीवरून म्हणाला होता, "क्लच!" आणि खरोखरच पगार तेवढा नव्हता. नवरा गेला बिचारा, पण तो किस्सा अजून घरात फिरतो.

क्लच आणि माझी भावजय माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. खाली पुढच्या खोलीत माझं पार्लर.

त्याच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी कंबर कसली. ऑपरेशन झालं, गाठ काढली, पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते. मग ती यकृतात उगवली. मग केमो. पहिली थकली, म्हणून दुसरी. दुसरीनं त्याची बोटं बधिर झाली, तळपाय सोलले, चेहरा राखेसारखा झाला. तरी तो गाडीवर जायचा, बाजूच्या सीटवर बसून शिकवायचा. एका सोमवारी सकाळी खाली आला आणि माझ्या आरशासमोरच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "ताई, पोरं घाबरतात गं मला बघून. जरा माणसात आण."

मी हसत हसत आणलं. डोळ्यांखालच्या काळ्यावर जरा केशरी कन्सीलर, वर त्याच्या कातडीला जुळणारं फाउंडेशन, तेही इतकं हलकं की नाकाला नाक लावलं तरी कळू नये. भावजय जिन्यातून वाकून म्हणाली, "ताई, तुम्ही मला कधी एवढं सुंदर केलं नाहीत!" क्लच म्हणाला, "तुझ्यात वाव नव्हता." तेव्हा हसायची ताकद होती आमच्यात. मग दर सोमवारी तो खाली यायला लागला.

दुसरी केमोही निकामी झाली तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्कॅन दिव्यावर धरला, खाली ठेवला, परत धरला. मी मनात म्हटलं, अहो, कितीदा बघाल, ते काय बदलणार आहे? मग ते म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात एका नवीन उपचाराची चाचणी चालू आहे. इम्युनोथेरपी. औषध गाठीला मारत नाही, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला जागं करतं, आणि ती गाठीवर धावून जाते. घेतील की नाही ते तिथले लोक ठरवतील. विचार करा.

विचार कसला करायचा? मी त्याच दिवशी फोन लावला.

"जरा दम तरी घेऊ दे," क्लच म्हणाला. तो कोचावर आडवा होता, पोटावर उशी धरून.

"दम काय घ्यायचा? ती गाठ घेतेय का दम?"

"ताई, मला नक्की काय करतात ते तरी समजू दे. गाडी कुठली, रस्ता कुठला, काही माहीत नाही आणि तू गिअर टाकून मोकळी."

"बुडत्याला काडीचा आधार. इथं तर काडी नाही, चांगला ओंडका आहे."

भावजय गप्प होती. ती भांडी पुसत होती आणि पुसलेलंच ताट परत पुसत होती. मला तिचा राग आला. मनात म्हटलं, नवरा हिचा आणि ओरडायचं मी. नंतर जिन्यात ती मला हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांना सकाळचं बघता. दुपारचं बघत नाही." मी म्हटलं, "म्हणजे काय?" ती म्हणाली, "काही नाही." मीही सोडून दिलं. दुपारी माझं पार्लर भरलेलं असतं.

फोनवर त्या चाचणीचं काम बघणारी मुलगी चांगली होती. तिनं समजावून सांगितलं, रक्त तपासतील, स्कॅन बघतील, आणि मुख्य म्हणजे पेशंट हिंडता-फिरता हवा. जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ जो अंथरुणात असतो, त्याला घेत नाहीत. झालं! मी कामाला लागले. रोज संध्याकाळी वर जाऊन त्याची शिकवणी.

"दिवसभर काय करता?"

"पडून असतो."

"क्लच!" मी ओरडले. "परत. दिवसभर काय करता?"

"सकाळी फिरायला जातो, गाडीवर शिकवतो, संध्याकाळी बायकोला मदत करतो."

"शाब्बास."

"बायकोला मदत केलीय का मी लग्नापासून कधी?" तो म्हणाला. "इथंच पकडतील आपल्याला."

गाडीवर जाणं त्यानं कधीच बंद केलं होतं. सोमवारी मात्र तो अजून खाली यायचा. तोंडानं म्हणायचा, सवय लागलीय. मला वाटायचं, चला, अजून हौस आहे. हौस आहे म्हणजे जीव आहे.

तपासणीचा दिवसही सोमवारच होता, सकाळी त्याला खुर्चीत बसवलं आणि आरशाभोवतीचे सगळे दिवे लावले. तो सारखा दंड खाजवत होता. म्हटलं, "साबण बदललास का रे?" तो म्हणाला, "असेल." मी नेहमीचं फाउंडेशन हातावर घेतलं, त्याच्या गालाशी धरलं, आणि ते गुलाबी दिसलं. बाजूला ठेवलं. त्याच्याहून पिवळट शेड घेतली. तीही जमेना. मग माझा हात आपोआप खणातल्या जांभळ्या कन्सीलरकडे गेला. काळ्या वर्तुळांना केशरी लागतं आणि पिवळेपणाला जांभळं, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. जांभळं लावलं की पिवळं मरतं. मी कपाळाला लावलं, गालांना लावलं, मानेपर्यंत नेलं. मनाशी म्हटलं, या मेल्या दिव्यांचा उजेडच पिवळा झालाय, बदलायला हवेत.

खरं सांगायचं तर जांभळी डबी त्या दिवशी मी पहिल्यांदा उघडली नव्हती. मागच्या सोमवारी उघडली होती, आणि त्याच्या मागच्या सोमवारीही.

त्याचा चेहरा मात्र असा झाला की भावजय दारात थबकली. "अगदी लग्नातल्यासारखे दिसताय," ती म्हणाली. आणि लगेच गाडीची किल्ली शोधायला वळली. गाडी तिनंच चालवली. त्यानंच शिकवलेली. तो मागे आडवा झाला होता आणि प्रत्येक वळणाला डोळे मिटून म्हणत होता, "दुसऱ्यात घे. आता तिसऱ्यात."

चाचणीवाल्या डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांच्यात. सगळे कागद वाचले. मग क्लचकडे वळल्या. "बसा आरामात. कसं वाटतंय?"

"छान आहे तो," मी म्हटलं. "रोज फिरायला जातो."

"जेवण?"

"व्यवस्थित. नावं ठेवत जेवतो, म्हणजे चव कळते."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "मला जरा त्यांच्या तोंडून ऐकू दे." आणि टॉर्च घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. खालची पापणी ओढली. डोळ्याच्या पांढऱ्यावर उजेड पडला आणि मला इथून, खुर्चीतून, दिसलं. पांढरं नव्हतंच तिथं. डोळ्यांना काही लावता येत नाही, तिथं माझा हात पोचलाच नव्हता.

डॉक्टरबाईंनी त्याची बाही वर केली. खाजवलेले ओरखडे बघितले. मग कापसाचा बोळा ओला करून त्याच्या गालावरून एकदा फिरवला. बोळ्यावर माझं सगळं काम आलं, आणि गालावर एक पट्टा उघडा पडला. हातच्या काकणाला आरसा कशाला! एवढा पिवळा माणूस मी माझ्या हातांनी रंगवून आणला होता.

"मेकअप आहे हा?" त्यांनी विचारलं. रागावल्या नव्हत्या, चक्रावल्या होत्या.

"माझी ताई," क्लच म्हणाला. "धंदाच आहे तिचा."

"ही कावीळ आहे. केव्हापासून आहे?"

भावजयीनं माझ्याकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं. तिला सोमवारी रंगवलेला नवरा मिळायचा, बाकीचे दिवस ती पडदे ओढलेल्या खोलीत त्याच्याजवळ बसायची. उत्तर मला एकटीला ठाऊक होतं. "तीन सोमवार," मी म्हटलं. आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

पुढचं डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं. यकृतातली गाठ पित्ताच्या नळीवर दाबतेय, म्हणून पित्त रक्तात चढलंय. आधी नळीत एक छोटी जाळी बसवायची, म्हणजे वाट मोकळी होईल, खाज जाईल, रंग उतरेल. अशा रक्तावर त्या त्याला चाचणीत घेऊच शकत नव्हत्या. रंग उतरला तर परत या, एक जागा आम्ही थोडे दिवस धरून ठेवू.

"म्हणजे मग घ्याल?" मी विचारलं.

"तेव्हा परत बघू. आणि आणखी एक, ते तुम्हाला कळायलाच हवं." त्या क्लचशी बोलत होत्या. "तुमच्या गाठीचा जो प्रकार आहे, त्यावर नुसत्या इम्युनोथेरपीचा सहसा परिणाम होत नाही. काही थोड्या लोकांच्या गाठी वेगळ्या असतात, त्यांना खूप फायदा होतो. तुमची तशी नाही. म्हणून आम्ही जोडीला दुसरं औषध देऊन बघतोय. कुणाला फायदा होईल, होईल की नाही, हेच आम्हाला शोधायचंय. तुम्हाला होईलच असं मी सांगणार नाही. वारंवार यावं लागेल, सुया, स्कॅन, यकृताचा तुकडा काढून तपासणं. कधी कधी जागी झालेली प्रतिकारशक्ती गाठ सोडून आपल्याच फुप्फुसावर, आतड्यावर उलटते."

मला वाटलं, अहो बाई, काहीतरी गोड बोला की! मी नवरीमुलीला आरशासमोर बसवून कधी म्हणत नाही की लग्न टिकेलच असं सांगता येत नाही. पण क्लच पुढे वाकून ऐकत होता. इतक्या महिन्यांत त्याला कुणी एवढं काही सांगितलं नव्हतं. आम्ही त्याला नुसतंच "होईल बरं" सांगत होतो.

बाहेर आलो. भावजय गाडी आणायला गेली. क्लच भिंतीला टेकून बाकावर बसला. अर्धा चेहरा पुसलेला, अर्धा रंगवलेला.

"ताई," तो म्हणाला, "मी दिसतो कसा?"

"अरे, आजारी माणूस जसा..."

"रंगातलं तुला कळतं ना? मग रंग सांग."

आयुष्यभर खुर्चीतल्या प्रत्येकीला मी एकच वाक्य म्हणत आले, छान दिसतेयस. दुसरं वाक्य मला येतच नाही.

"पिवळा," मी म्हटलं. "खूप पिवळा. डोळ्यांखाली हिरवट. तू फार आजारी दिसतोस रे बाळा." आणि तिथं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी भोकाड पसरलं.

तो रडला नाही. त्यानं खांदे सैल सोडले, ओझं उतरवून ठेवल्यावर सोडतात तसे. म्हणाला, "बरं वाटलं गं. सगळे छान दिसतोस, छान दिसतोस म्हणतात. मला वाटायला लागलं होतं की मीच कामचुकार आहे, पडून राहतोय."

जाळी बसवली. खाज गेली, आणि थोडे दिवस तो चक्क जेवला. रंग रोज जरा जरा उतरत गेला. मी आता दुपारीही वर जायला लागले, पार्लर गेलं खड्ड्यात. आणि मला दुपारचा क्लच दिसला. खिडकीकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन, पाणी हवं म्हणायलाही दमलेला. भावजय त्याच्या पायांना तेल लावत बसायची. मी तिच्याशेजारी बसले, दुसरा पाय मांडीवर घेतला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली.

रक्ताचा अहवाल आला. चालण्यासारखा होता. जागा अजून मोकळी होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण ही विघ्नं संपली होती असं मला वाटलं. मला परत हुरूप चढला. आदल्या संध्याकाळी वर गेले आणि म्हटलं, "उजळणी करू या का?"

"नको, पाठ आहे," तो म्हणाला.

सकाळी तो खाली आला, आरशासमोर बसला. मी गरम पाण्यात रुमाल पिळला, त्याचा चेहरा पुसला, दाढी केली. बास. डब्या खणातच राहिल्या.

डॉक्टरबाईंनी अहवाल बघितला, खूश झाल्या. पोट तपासलं. त्याला उठून भिंतीपर्यंत चालायला लावलं, तो चालला. माझे हात मांडीखाली होते, दोन्ही. मी स्वतःच ठेवले होते, म्हणजे बोलताना हातवारे करणार नाही आणि हातवारे नाहीत तर मला बोलताच येत नाही.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "जागेपणीचा किती वेळ पडून असता? अर्ध्याहून कमी, की जास्त?"

मी त्याच्याकडे बघत होते. सकाळी फिरायला जातो. म्हण. गाडीवर शिकवतो. म्हण रे. माझे ओठ हलत होते, हे भावजयीनं नंतर सांगितलं.

क्लचनं माझ्याकडे बघितलं, अगदी मायेनं. मग डॉक्टरबाईंना म्हणाला, "जास्त. अर्ध्याहून बराच जास्त. जाळीनंतर चार दिवस बरे गेले, पण आता परत तसंच. अंघोळीलाही ही धरते मला."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "एवढ्या थकलेल्या शरीरावर हे औषध उलटलं तर सावरायला ताकद उरत नाही. मी तुम्हाला घेऊ शकत नाही. पण तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. दुखणं, मळमळ, झोप, हे बघणारे आमचे डॉक्टर आहेत. ते घरीसुद्धा येतात. आजच भेटून जा."

त्यानं मान डोलावली. भावजयीनं त्याचा हात धरला आणि ती रडायला लागली, आवाज न करता. मला वाटतं, तिला रडायची परवानगी त्या दिवशी मिळाली.

मी नाही रडले. मी पार्किंगमध्ये पोचेपर्यंत दम धरला आणि मग भडकले. "एक वाक्य! एक वाक्य बोलला असतास तर काय तोंड झिजलं असतं? हातातोंडाशी आलेला घास! एवढं घोकून घेतलं तुझ्याकडून..."

तो मागच्या सीटवर आडवा झाला होता. दार उघडंच होतं. "ताई," तो म्हणाला, "मी आजवर तयार नसलेल्या एकाही पोराला लायसन्सच्या टेस्टला पाठवलं नाही. बापांनी पाया पडून सांगितलं तरी नाही. टेस्टचं काय, एकवेळ पास होतील. पुढे रस्ता असतो."

"तू म्हणजे पोरगा आहेस का?"

"मी दमलोय गं," तो म्हणाला. "मला जगायचं नाही असं नाही. मला तिथं जायची ताकद नाही. दोन्ही खरं आहे. घरी चल."

मी दार लावलं. आयुष्यभर त्याच्या बाजूचं सगळं मीच दाबत आले, ब्रेकही आणि क्लचही. भावजयीनं गाडी काढली. वळणावर तो म्हणाला, "दुसऱ्यात घे," आणि तिनं दुसऱ्यात घेतली.

आता तो खाली येत नाही, मीच सकाळी वर जाते. खिडकीचा पडदा सरकवते, कारण खरा रंग बघायचा तर दिवसाच्या उजेडातच. ते घरी येणारे डॉक्टर भले आहेत, दुखणं आटोक्यात ठेवतात. तो झोपतो, जागा झाला की थोडं बोलतो, थट्टाही करतो. आणि रोज सकाळी विचारतो, "आज कसा?" मी सांगते. कालच्यासारखाच. काल जरा बरा होतास. आज गालावर पिवळेपणा चढलाय. तो "बरं" म्हणतो आणि मग आम्ही दुसरं काहीतरी बोलतो.

आज सकाळी पडदा सरकवला आणि उजेड त्याच्या तोंडावर पडला. मी बघितलं. खरा रंग सांगायचा, मला एवढंही जमलं नाही. म्हटलं, "आज बराच उजळ दिसतोयस."

त्यानं डोळे उघडले नाहीत. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"क्लच," तो म्हणाला.

भावजय दारात उभी होती, दुधाचा पेला घेऊन. ती हसली आणि तिचे डोळे भरून आले, दोन्ही एकदम. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"पिवळा," मी म्हटलं. "कालच्यापेक्षा बराच पिवळा."

"हं," तो म्हणाला, आणि माझा हात तसाच राहू दिला.